चार फवारे, अडीच किलो तूर

लातूरच्या मार्केट यार्डात तूर घ्यायला आलेला खरेदीदार जास्त बोलत नाही. पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरून फुंकर मारतो आणि एक दाणा दाढेखाली धरून फोडतो. कट्टदिशी फुटला तर माल वाळलेला. दाणा दबला तर भावही दबला. ओलावा मोजायची यंत्रं आता जिकडेतिकडे झाली आहेत, तरी आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, यंत्राचा आकडा पाहून झाल्यावर दाणा फोडतातच. यंत्र दुसऱ्याचं असतं, दाढ आपली असते, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या दोन दाढा गेल्या वर्षी डॉक्टरांनी बसवलेल्या आहेत, पण त्यामुळे दाजींच्या मुद्द्याला बाधा येत नाही.

अशा माणसाचा मुलगा, माझा भाचा, 24,000 रुपयांचं सेंट घ्यायला निघाला. हिंजवडीला नोकरी, डिसेंबरात लग्न, मे महिन्यात रजा काढून घरी आलेला. पत्रिकेचा नमुना, शेरवानीचा रंग, घोडा की जीप, सगळं बिनविरोध मंजूर झालं होतं. मग त्याने मोबाईलवर एक बाटली दाखवली. काळी, चौकोनी, लाकडी बुचाची. 50 मिली.

"वुडी आहे," तो म्हणाला.

अक्काला वाटलं, टेबल घेतोय.

दाजींनी चष्मा काढला. दाजींचा चष्मा उतरला की हिशोब सुरू झाला असं समजायचं. "तुरीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,000. म्हंजे तीन क्विंटल तूर तू अंगाला चोळणार?" भाचा म्हणाला, एकदम नाही बाबा, वर्षभर पुरवायची. एका फवाऱ्याला साधारण दशांश मिली जातं, बाटलीत 500 फवारे निघतात. दाजींनी तोंडी भागाकार केला. फवारा 48 रुपयांना पडला. रोज चार मारले तर 192. "म्हंजे रोज सकाळी अडीच किलो तुरीला थोडी कमी," दाजी म्हणाले, "अन् ती बी न शिजवता."

भाच्याने मग त्यांना शास्त्र समजावलं, ही त्याची घोडचूक. बाटलीवर 'ओ द पार्फ्युम' लिहिलेलं असतं म्हणजे आत सुगंधी तेल 15 ते 20 टक्के, बाकी बहुतेक अल्कोहोल. दाजी उठूनच बसले. सोयाबीनमध्ये ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर सरकारी खरेदी केंद्र ट्रॅक्टर गेटवरून परत पाठवतं. इथे 80 टक्के उडून जाणारा माल आणि त्याला कुणी कट्टी लावत नाही! शेतकऱ्याने पोत्यात 80 टक्के हवा भरून विकली असती तर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता, आणि फ्रेंच माणसाने भरली की त्याला कलावंत म्हणतात.

प्रकरण शेवटी माझ्याकडे आलं, कारण 'मामाचं नाक चांगलं आहे' अशी माझी लहानपणापासून ख्याती. मी नांदेडचा. लातूरच्या घरात नांदेडकराच्या मताला विरोधी पक्षनेत्याच्या मताइतकी किंमत असते. ऐकून घेतात, इतिवृत्तात लिहितात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद आमच्याकडे कढी वाढताना निघतो आणि ताक संपेपर्यंत चालतो. दोन्ही गावांनी राज्याला मुख्यमंत्री दिले आहेत, त्यामुळे कुणीच कुणाला मोजत नाही. पण नाकाच्या बाबतीत मला एकमताने लवाद नेमण्यात आलं.

आधी 'वुडी' म्हणजे काय ते पाहणं आलं. लाकडाचा वास एवढाच अर्थ असता तर आरागिरणीवाले कधीच करोडपती झाले असते. या वासांची एक स्वतंत्र भाषा आहे. भाच्याने मोबाईलवरून वाचून दाखवलं त्याचा गोषवारा असा: आरंभी वेलदोड्याची उसळी, मग धुरकट चामडं, आणि शेवटी पाऊस पडून गेल्यावर देवदारांच्या रानात एकट्याने चालत गेल्याचा भास. अक्का भेंड्या चिरत ऐकत होती. म्हणाली, "रानात एकटाच कामून चाललाय तो? बायको कुठाय?"

या भाषेचा धाक काढून टाकला की मागे चार-पाच ओळखीची मंडळी उरतात. चंदन, वाळा, देवदार, ऊद, पॅचौली. आणि खरं सांगायचं तर मराठवाड्यातला माणूस जन्मजात वुडी आहे, त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही एवढंच. दिवाळीचे चार दिवस मोती साबणाच्या चंदनी वडीने घासून निघाल्यावर आपण काय गुलाबी असतो? पहिल्या महायुद्धात म्हैसूरचं चंदन परदेशी जायचं थांबलं, तेव्हा संस्थानाने 1916 साली स्वतःच तेल काढायला घेतलं आणि 1918 साली त्या तेलाचा साबण बाजारात आणला. ती म्हैसूर सँडलची वडी आमच्या घरी पाहुणे आल्यावरच कागदातून बाहेर निघायची आणि पाहुणे गेले की पुसून परत कागदात जायची. लक्झरी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

वाळ्याचंही तेच. नांदेडला मे महिन्यात पारा 43 च्या पुढे सरकला की पूर्वी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे आणि दर तासाला त्यावर तांब्याने पाणी मारायची पाळी घरातल्या सर्वांत धाकट्याची असायची. दुपारी दोनला त्या ओल्या पडद्यातून जो वारा यायचा, तोच वास आज फ्रेंच बाटलीत भरून येतो. त्यातला वाळा बहुतेकदा हैतीचा असतो, पाणी मारायला धाकटं कुणी लागत नाही, आणि म्हणून तो महाग.

चंदनाची गोष्ट तर थेट दाजींच्या धंद्यातली निघाली. चंदनाचं झाड अर्धपरोपजीवी आहे. जमिनीखाली स्वतःची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांत घुसवतं आणि तिथून आपला वाटा उचलतं. म्हणून चंदनाची लागवड करणारे त्याला सोबतीला यजमान झाड लावतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत हे यजमानपद बऱ्याच ठिकाणी कुणाला मिळतं? तुरीला! हे ऐकून दाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो सौदा फुटतानाही दिसत नाही. "म्हंजे सेंट बी आमच्याच जिवावर," ते म्हणाले, आणि नंतर दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगत राहिले.

चंदनशेतीत एकरी कोटी मिळतात असं सांगत गावोगाव फिरणारे एजंट आपण पाहिलेत. ते सांगत नाहीत ती बाब अशी की वास खोडात नसतो, गाभ्यात असतो, आणि गाभा नीट भरायला पंधराएक वर्षं सहज जातात. तोवर झाड राखायचं कुणी? चंदनाची खरी पारख आपल्याकडे चंदनचोरालाच. सरकारी बंगला असो, कॉलेजचं आवार असो की शेताचा बांध, हा गृहस्थ आधी खोडाला गिरमिटाने भोक पाडून पाहतो. गाभा भरलेला दिसला तरच करवत काढतो. नसला तर झाडाला आणखी चार वर्षांची मुदत देऊन निघून जातो. 24,000 रुपये टाकताना आपल्यातला एकही सज्जन माणूस इतकी चौकशी करत नाही.

आता ऊद. सध्याच्या महागड्या वुडी बाटल्यांपैकी निम्म्यांच्या नावात तरी तो असतोच. अगराच्या झाडाला बुरशीचा संसर्ग झाला की ते बचावासाठी गडद राळ धरतं. त्या राळेने भरलेलं लाकूड म्हणजे ऊद. निरोगी झाडाला वास नाही. आसामातल्या होजाईला याचा मोठा व्यापार आहे. अरबांना हे शेकडो वर्षं ठाऊक होतं. युरोपच्या मोठ्या पेढ्यांना जाग आली ती 2002 साली इव्ह सेंट लॉरेंच्या 'एम सेव्हन'ने. तेव्हा ते फारसं कुणाला झेपलं नाही. 2007 साली टॉम फोर्डने 'ऊद वुड' काढलं आणि मग उदाशिवाय कुणाला करमेना. बुरशीची ही कथा दाजींनी शांतपणे ऐकली. "आमच्या तुरीला बुरशी लागली तर मर रोग म्हनतेत अन् पंचनाम्याला तलाठी येतो. ह्येच्या झाडाला लागली तर दुबईहून शेख येतो."

अस्सल ऊदतेल इतकं महाग की बाटलीवर नाव उदाचं असलं तरी आत बहुधा प्रयोगशाळेत जुळवलेला त्याचा भास असतो. त्यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. कृत्रिम चंदनामुळे खरी झाडं वाचतात, आणि काही कृत्रिम रेणू खरोखर सुंदर आहेत. पण यातलाच 'आयसो ई सुपर' नावाचा एक रेणू आहे, देवदारासारखा मऊ. गेझा शोन नावाच्या जर्मन अत्तरकाराने 2006 साली तेवढा एकच पदार्थ बाटलीत भरून 'मॉलिक्यूल 01' या नावाने विकायला काढला. गंमत अशी की हा वास पुष्कळांना येतच नाही. लावणाऱ्याला येत नाही, शेजाऱ्याला येतो. किंवा आत्ता येतो आणि पुढच्या मिनिटाला गायब. तरी बाटली खपली आणि अजून खपते. वास येत नसेल तर पैसे कशाचे, हा दाजींचा प्रश्न मी भाच्याकडे पाठवला आणि भाच्याने पाणी मागितलं.

पुण्याच्या मॉलमध्ये त्याने बाटली 'ट्राय' केली होती म्हणे. म्हणजे कागदाची पट्टी, तिच्यावर एक फवारा, पट्टी हलवत सात मिनिटं उभं राहणं, मध्ये कॉफीचे दाणे हुंगणं. कॉफीने नाक साफ होतं असं दुकानदार सांगतात. अमेरिकेत 2011 साली यावर प्रयोग झाला तेव्हा कॉफी आणि साधी हवा यांत काही फरक निघाला नाही. पण पट्टीचा मुद्दा जास्त गंभीर आहे. लिंबू-संत्र्याचे हलके वास पंधरा-वीस मिनिटांत उडतात आणि लाकडाचे जड वास तळाशी असतात, ते तासा-दीड तासाने वर येतात. म्हणजे वुडी सेंट घेणारा माणूस पैसे मोजतो लिंबाला आणि घरी आणतो लाकूड. शिवाय कागदाला घाम येत नाही. नांदेडकराला येतो.

म्हणून मी त्याला आमच्या नांदेडच्या इतवाऱ्यात नेलं. तिथल्या एका छोट्या अत्तराच्या दुकानातले चाचा गिऱ्हाईक पाहून बाटली काढतात. शमामा, हिना, मजमुआ, खस, ओळीने काचेच्या बुचांच्या कुप्या. रमजानात तिथे उभं राहायला जागा नसते. एरवी चाचा निवांत. भाच्याने मोबाईलवर काळी बाटली दाखवली. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कित्ते का है?"

"चोबीस हजार."

"इसमें ऊद कित्ता है?"

"वो लिखा नै."

"तो नाम का पैसा है मियाँ, ऊद का नै." असं म्हणून त्यांनी एका कुपीची काचेची काडी भाच्याच्या हाताच्या पाठीवर ओढली. भाच्याने लगेच हात नाकाशी नेला, तो चाचांनी खाली दाबला. "अब्बी नक्को सूंगो. असर के बाद सूंगो. अच्छा लगा तो आओ, नै लगा तो बी आओ, चाय पीने."

दुपारी दीड वाजता आलेल्या गिऱ्हाइकाला साडेपाचनंतर वास घे म्हणणारा हा एकमेव विक्रेता मला आजवर भेटला. कनौजच्या जुन्या पद्धतीत फुलांची वाफ चंदनतेलात उतरवत. आता चंदन परवडत नाही म्हणून स्वस्त अत्तरांत साधं पातळ द्रावणच असतं, हेही चाचांनी न विचारता सांगितलं. कुठली कुपी कसली, हे बोट दाखवून. एवढ्या प्रामाणिकपणावर धंदा कसा चालतो, कळत नाही. चालतो मात्र.

तरी भाच्याचं मन काळ्या बाटलीतच. मग आम्ही तडजोड केली. मोठ्या बाटलीतून काढलेलं पाच मिली छोट्या कुपीत मिळतं, त्याला डिकॅन्ट म्हणतात. ते ओळखीतून मागवलं आणि परीक्षा ठरली लाल परीत. मे महिना, दुपारची गाडी, नांदेड ते लातूर. याच्याहून निष्ठुर प्रयोगशाळा मला माहीत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर झळा, लावून घ्याव्यात तर साठ माणसांचा एकत्रित तळाचा सूर. मनगटावर एक आणि मानेवर एक फवारा मारून मी खिडकीशी बसलो.

सिडको येईपर्यंत सगळा लिंबू उडाला. पुस्तकात पंधरा मिनिटं लिहिलेली असतात ती पॅरिसची. आमच्या उन्हाला तेवढा वेळ नसतो. शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "लेकरा, मळमळायलंय का? गोळी चघळायलास जनू." मी नाही म्हणालो. लोहा येईपर्यंत वेलदोडा वर आला आणि मागच्या बाकावरचा पोरगा आईला म्हणाला, मला चहा पाहिजे. लोह्याला आजी उतरल्या, एक पागोटेवाले मामा बसले. मला स्वतःला आता काहीच येत नव्हतं. नाकाचा हा स्वभावच आहे, एकच वास सतत आला की ते त्याची दखल घेणं बंद करतं. अहमदपूरच्या अलीकडे मामांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"फर्निचरचं दुकान हाय का तुमचं?"

"नाही, का?"

"न्हाई, पालिशचा वास येवलालाय. आमच्या पोरीला कपाट द्यायचं होतं."

इथे वास स्थिरावला हे मी टिपून घेतलं. मामांना 24,000 चा आकडा सांगितला नाही, त्यांना पोरीचं लग्न करायचं होतं. अहमदपूरला गर्दी चढली आणि कंडक्टरने तिकीट फाडताना विचारलं, "देवदर्शनाहून का?" चाकूरच्या पुढे उन्हं कलली, घाम वाळला, आणि मग कुठे ते वर आलं. कोरडं, उबदार, थोडं धुरकट, जुन्या सागवानी पेटीतल्या शालीसारखं. खोटं कशाला बोलू, छान होतं. पागोटेवाले मामा माझ्या बाजूला कलून झोपले होते आणि झोपेत खोल श्वास घेत होते. समीक्षकांच्या कौतुकापेक्षा ही दाद मला मोठी वाटते.

लातूरला उतरलो तर दाजी घ्यायला आलेले. मी मनगट पुढे केलं. त्यांनी ते पोटलीतला नमुना धरावा तसं धरलं, डोळे मिटले, हुंगलं, थांबले, पुन्हा हुंगलं. दाढेचा उपयोग नव्हता म्हणून जरा अस्वस्थ झाले. मग निकाल दिला: "माल बरा हाय. भाव बरा न्हाई."

अक्काचं मत वेगळंच. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, त्या उन्हाळ्यातल्या अंघोळी तिने एका बादलीत चार माणसांच्या उरकल्या आहेत. तिच्या मते सेंट ही पाणी नसलेल्यांची सोय आहे, आणि नळाला पाणी येत असताना वास विकत घेणं म्हणजे उधळपट्टी. तिला मी उत्तर दिलं नाही. तिच्यापुढे फ्रान्स टिकणार नाही.

माझं लवादाचं मत मात्र लेखी देतो. वास चांगला होता, आणि चांगल्या वासाला पैसे मोजण्यात पाप नाही. जो माणूस सहा महिन्यांत मोबाईल बदलतो त्याने अत्तराच्या नावाने काटकसर शिकवू नये. पण त्या 24,000 मधला किती वाटा वासाचा, किती काळ्या काचेचा आणि लाकडी बुचाचा, हा हिशोब दुकानदार देत नाही. दुबईच्या कंपन्या तशाच धाटणीचे वास दशांश किमतीत काढतात. त्यातले काही फसवे, काही चक्क बरे. अर्माफचं 2015 सालचं 'क्लब द नुई इन्टेन्स' लावून फिरणाऱ्या कितीतरी नवरदेवांना लोकांनी ब्रँड विचारला आहे. आणि निम्म्या किमतीत अस्सल बाटली देतो म्हणणाऱ्याला तर लांबूनच रामराम करा, कारण रिकाम्या महागड्या बाटल्यांनाही बाजार आहे आणि त्या पुन्हा भरल्या जातात. तुमची संपली तर टाकण्याआधी फोडा.

भाच्याने शेवटी दहा मिली मागवलं. लग्नाला शंभर फवारे पुरेत, त्यात वऱ्हाडसुद्धा निघेल. मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या हातावर लावायला चाचांकडून खसची तोळाभर कुपी घेतली, तिचं बिल दाजींनी घासाघीस न करता दिलं, जे मी प्रथमच पाहिलं.

तुम्हालाही घ्यायचंच असेल तर मे महिन्यात घ्या, पाच मिलीच घ्या, आणि दुपारच्या गाडीने निघा. चाकूर येईपर्यंत शेजारचा माणूस लांब सरकला तर विचार सोडा. जवळ सरकला तर खुशाल घ्या, पण 100 मिलीची बाटली तरीही घेऊ नका.